खोका सीलबंद आहे का?

प्रिय ध्रुव,

तुझी प्रश्नावली पोचली. वरच्या मजल्यावरच्या सुप्रीताने ती आपल्या ऑफिसात छापून आणली आणि माझ्या हातात देताना हसली. हसणारच. सतरा प्रश्न! खोका सीलबंद आहे का, कोपरे दबलेत का, रंग उडालाय का, सांधे सैल आहेत का, हत्यारं जागेवर आहेत का. मला बघायला निपाणीला आलेल्या मंडळींनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती. तू घडवलेल्या प्लास्टिकच्या सात छोट्या रक्षकांचा संच महादेवपुऱ्याचे कोणी रघुनंदन म्हणून संग्राहक विकत घेणार, महिनाअखेरीस स्वतः येऊन नेणार, आणि त्याआधी त्यांना घरातल्या माणसाकडून लेखी परीक्षण हवं. घरातलं माणूस आता मी एकटीच. म्हणून बसले लिहायला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू पाचव्या मिनिटाला 'ठेवतो गं आई' म्हणतोस, आणि मला जे सांगायचंय ते पाच मिनिटांत मावणारं नाही.

आधी माझा संशय सांगते. मी संशयी आहे हे तू आणि तुझ्या अप्पांनी मला आयुष्यभर ऐकवलंत, तेव्हा आता लाजायचं कशाला? चार वर्षं कपाटात निमूट पडलेला खोका तुला आत्ताच का विकायचाय? जागा अडते म्हणालास. अडली तर माझी अडेल, ओसाकात बसून तुला कुठे टोचली ती? या संचाच्या पाचशेच प्रती निघाल्या, त्यातली ही बारावी, आणि तुझ्या हातचं ते पहिलं काम. पहिलं काम कोणी असं जागा अडते म्हणून काढून टाकतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. वाटलं, आज हा खोका, उद्या तुझा जुना कॉम्प्युटर, परवा हे जे. पी. नगरचं घर, आणि मग तुला बेंगळुरूला यायचं काही कारणच उरणार नाही.

खरं कारण मला माहीत आहे. अप्पांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू कपाट उघडलंस, त्या सोनेरी सीलवरून बोट फिरवलंस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, अप्पांनी शेवटपर्यंत उघडूनसुद्धा बघितलं नाही ना? मी काय बोलणार होते? खोका आला त्या दिवशी त्यांनी मान वर करूनही बघितलं नव्हतं. त्याच्या खोलीत ठेव म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. त्यानंतर त्यांच्या तोंडून त्या खोक्याचं नाव मी कधी ऐकलं नाही. तू कपाट लावलंस, परत गेलास, आणि सहा महिन्यांनी हे गिऱ्हाईक शोधलंस.

तू नोकरी सोडलीस तो रविवार मी विसरलेली नाही. चांगली नोकरी सोडून तू खेळण्यातले वीर घडवायला परदेशी निघालास, आणि अप्पा म्हणाले, तीस वर्षांचा घोडा आता बाहुल्या करणार. त्यावर तू म्हणालास, तुम्ही तरी अडतीस वर्षं चिकपेटेच्या दुकानात दुसऱ्यांच्या साड्यांच्या घड्याच घातल्यात ना. मी स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा सोलत होते. दोघांपैकी कोणीही आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडण होऊन मिटलं तरी असतं. तिथून पुढे तुमचं बोलणं म्हणजे 'जेवलास का' आणि 'जेवलो', एवढंच उरलं. दोघेही एकाच माळेचे मणी, आणि दोरा मात्र मी.

तर आता परीक्षण. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर पुढचे सोडून दे, असं तू जाड अक्षरांत लिहिलंयस. तुला खात्रीच होती. मलाही होती. तरी स्वभावाला औषध नाही, म्हणून अप्पांचं साडीचा पोत बघायचं भिंग काढलं आणि सील खिडकीपाशी नेऊन बघितलं. ध्रुव, ते सील कापलेलं होतं. झाकणाच्या कडेला धरून, पात्याने, सरळ एका रेषेत. आणि कापल्यावर पुन्हा असं जुळवून चिकटवलेलं की सोनेरी नक्षीची एक रेघ इकडची तिकडे झालेली नाही. ज्याने कुणी केलं त्याचा हात सराईत होता.

सुप्रीताला नुसतं विचारलं, तर ती म्हणाली, काकू, असल्या खोक्यांतून खरा माल काढून नकली भरतात, तिच्या ऑफिसातल्या एकाला असाच गंडा बसला. झालं. आता माझा संशय तिच्यावरच गेला. मे महिन्यात मी निपाणीला गेले तेव्हा घराची किल्ली तिच्याकडेच नव्हती का? मग गेल्या वर्षी रंगकाम करून गेलेल्या माणसांवर गेला. आणि शेवटी कृष्णाबाईवर, कारण तुझ्या खोलीत रोज फडकं घेऊन जाते ती तीच.

सील मोडलेलंच होतं, म्हणून खोका उघडला. वर पातळ पांढऱ्या कागदाची घडी होती, इतकी नेटकी की वाटलं कारखान्यातच घातली असणार. मी ती भस्सकन उलगडली. खाली तुझे सातही जण हजर. आता तू विचारलंयस म्हणून स्पष्ट सांगते. सांधे मजबूत आहेत, माझ्या गुडघ्यांपेक्षा केव्हाही. हातोडेवाल्याला तू पोट दिलंस हे मला आवडलं, वीर झाला म्हणून काय माणसाने जेवू नये? पंखवालीच्या हातातली तलवार वितीपेक्षाही लहान, पण धार दिसते. धनुष्यवाल्याचा अंगठा तू विसरला नाहीस. एकाच्याही चेहऱ्यावर हसू मात्र नाही, जगाचं रक्षण करायचं म्हणजे एवढं तोंड पाडून करायचं असतं का? सातवी ती वैद्यीण, जिच्या हातात काहीच नाही, नुसते दोन उघडे तळवे, ती सगळ्यांत जिवंत वाटली. तुझी आई म्हणून नाही सांगत. तासभर मी तिच्याकडेच बघत बसले होते.

दोष एकच. तलवारीच्या टोकावर, हातोड्याच्या माथ्यावर, धनुष्यावर, प्रत्येक हत्यारावर एकेक तपकिरी-लाल डाग. वैद्यिणीच्या दोन्ही तळव्यांवरसुद्धा. गंज म्हणावा तर प्लास्टिक कुठे गंजतं? रंगातली चूक म्हणावी तर सातही जणांवर कशी? नेलपॉलिश असेल म्हणून मी जिन्यात सुप्रीताची नखंसुद्धा न्याहाळून आले, ती पोपटी निघाली.

मग मी कृष्णाबाईला विचारलं. विचारलं कसलं, दरडावलंच. खरा राग तुझ्या त्या प्रश्नावलीचा होता, पण वड्याचं तेल वांग्यावर काढलं. अकरा वर्षांत त्या बाईने माझ्या घरातला चमचा हलवला नाही. ती म्हणाली, नानु मुट्टिल्ला अक्का, देवाची शपथ, मी हात लावला नाही. एवढं बोलून तिने फडकं सिंकच्या कडेला नीट वाळत घातलं आणि निघून गेली. दोन दिवस आली नाही. त्या दोन दिवसांत मला कळत होतं की मी काहीतरी वाईट केलंय, पण कळून वळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, मी काय खराब केलं ते दाखवा. मी पंखवालीला आणून तिच्या हातात दिलं. तिने अंगठा ओला करून तलवारीच्या टोकावर फिरवला, नाकाशी नेला, आणि तोच अंगठा आपल्या कपाळाला लावला. ती म्हणाली, इदु कुंकुम, अक्का. कुंकू आहे हे. आणि मग तिने सांगितलं की दर खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी ध्रुवअण्णाच्या खोलीच्या दारामागे ती झेंडूच्या पाकळ्या आणि तांदळाचे दाणे झाडायची. साहेबांनी सांगितलं होतं, अक्काला बोलू नकोस. तिने शब्द पाळला, आणि मी तिला चोर ठरवलं. मी दारातच तिचे हात धरून माफी मागितली. सरी बिडी अक्का, जाऊ दे म्हणाली, पण मला अजून तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तुला आठवते ना आपल्याकडची खंडेनवमी? सकाळी स्कूटरला हार, चाकाखाली लिंबू, मग चिकपेटेच्या दुकानातून घरी आणलेली त्यांची ती मोठी कात्री, माझा मिक्सर, विळी, सगळ्यांना हळदकुंकू. तू गेल्यापासून शेवटी ते ताट घेऊन तुझ्या खोलीत जायचे. ध्रुवच्या कॉम्प्युटरची पूजा करतो म्हणायचे, आणि निरांजन विझतं म्हणून दार लावून घ्यायचे. चांगला अर्धा तास. मला काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, साखर असलेला माणूस दार लावून नैवेद्याचे पेढे खातो. मी बाहेर उभी राहून कान देत असे, आणि ताट परत आलं की पेढे मोजत असे. एकही कमी नसायचा, तरी मी संशय सोडला नाही. आत काय चाललंय ते बघावं असं मला एकदाही सुचलं नाही.

मग मी सातही जणांना पालथं केलं. अस्सल संचात पायाच्या तळव्याखाली घडवणाऱ्याचं नाव असतं, असं तूच लिहिलंयस. भिंगातून वाचलं. इंग्रजीत बारीक अक्षरांत तुझं नाव आहे, अप्पांचं आहे आणि आडनाव आहे. त्या नावाखाली प्रत्येकाला ओळीने चार ठिपके. पहिला फिका, चौथा अजून लालभडक. काडीच्या टोकाने लावले असणार, एकही अक्षरावर सांडलेला नाही. हत्यारांना एकेक बोट टेकवलंय, पण खरी पूजा केलीय ती तुझ्या नावाची. आपल्याकडे ज्याच्यावर घर चालतं, ज्यात माणसाचा हात आहे, त्याची पूजा करतात. त्यांनी तुझ्या कामाला त्यांच्या कात्रीच्या शेजारी बसवलं होतं आणि तुला सांगितलं नाही, मलाही सांगितलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. फोटोसमोर उभी राहून मी भांडले. फोटोवरची धूळ पुसली आणि पुन्हा भांडले, आणि मग खूप रडले.

संध्याकाळी सगळं परत खोक्यात ठेवायला घेतलं, तर तो कागद काही केल्या बसेना. आडवा दुमडला, उभा दुमडला, कोपरा बाहेर. तेव्हा त्यावरच्या जुन्या रेघा नीट बघितल्या. आधी अर्धा, मग एक तृतीयांश आत, मग पदराची बाजू वर घेऊन आतल्या आत खोचलेली. ही कारखान्यातली घडी नव्हे. दहा गिऱ्हाइकांना उलगडून दाखवलेली साडी अकराव्याला कोरी वाटावी म्हणून चिकपेटेत जी घालतात, ती ही घडी. त्यांच्या दुकानात ती त्यांच्याइतकी कुणाला साधत नव्हती. तू ज्या घड्यांवरून त्यांना बोललास, त्याच घडीत त्यांनी तुझं काम झाकून ठेवलं, आणि तुला कळू नये म्हणून तिला जराही ढळू दिलं नाही.

तो कागद या पत्रात घातलाय. घाई न करता उलगड, आणि जमतं का बघ परत तसाच दुमडायला. मला तीनदा करून जमलं नाही. संच विकायचा की नाही ते तू ठरव. तुझी वस्तू आहे, मी अडवणार नाही. नवरात्र आठवड्यावर आलंय, यावर्षी ताट घेऊन त्या खोलीत कोण जाणार हेही तूच ठरव. पण रघुनंदनांना मी खोटं लिहून देणार नाही. आणि हे पत्र खरं तर त्यांच्या सतरा प्रश्नांसाठी नाहीच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू कपाटापाशी उभा राहून मला एकच प्रश्न विचारला होतास, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून तू पाठ फिरवून गेलास. ते उत्तर देण्यासाठी हे लिहिलं. खोका उघडलेला आहे, बाळा. चार वेळा.

ठिपके न पुसता जपून ठेवणारी, तुझीच,
आई