महाराजांची शिंक

ती. मामांना सा. नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ते खरं धरू नका. तुमची तब्येत, मामींचे गुडघे? (फोन करत नाही, कारण मी फोन उचलला की आई शेजारी येऊन बसते.)

मी महाराजांच्या कचेरीत व्हिडिओ कापायला लागलो, हे आईने तुम्हाला अभिमानाने सांगितलंच असेल. महाराज बोलता बोलता पुढचं विसरले की गप्प उभे राहतात. मी ती शांतता लांबवतो, मागून प्रकाश टाकतो, खाली बासरी सोडतो. लोक लिहितात, महाराज देवाशी बोलत होते. (ते चष्मा शोधत होते.) वर 'शिकलेले लोक तुमच्या श्रद्धेला हसतात' हे वाक्य जोडलं की माणसं चिडून व्हिडिओ गावभर पाठवतात. निवडणूक महाराजांच्या मनातही नव्हती, आता आहे.

गेल्या महिन्यात महाराज म्हणाले, "माझ्या भक्तांना गोळ्या-औषधांची गरज नाही." पुढे म्हणाले, "असं माझ्या नावावर कोणी सांगितलं, तर त्याला दारात उभं करू नका." पण हे बोलताना ते शिंकले. महाराजांना शिंक येत नाही, असा कचेरीचा नियम आहे. मी शिंक कापली, तिच्याबरोबर हे दुसरं वाक्यही गेलं.

व्हिडिओ असा पसरला की माझ्या तोंडचं पाणी पळालं. महाराजांकडे धावलो. त्यांनी तो दोनदा पाहिला, डोळे पुसले आणि म्हणाले, "मी असं बोललो? मग बोलवून घेणारा वेगळाच." आता प्रत्येक सभेत ते औषधं नकोत हेच सांगतात.

मामा, खरं दुखणं घरात आहे. आईने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात. तहान थांबत नाही, चक्कर येते. ती म्हणते, शरीर शुद्ध होतंय. मी तिला मूळ व्हिडिओ शिंकेसकट दाखवला. तिने तो नीट पाहिला आणि म्हणाली, "तू कुठे कापलंस? त्यांनी तुझ्या हातून कापून घेतलं." डॉक्टर शिकलेले, म्हणून तेही बाद. मला फार भीती वाटते.

बाकी क्षेम (हीसुद्धा पद्धतच).

तुमचा भाचा

ता. क. : आई फक्त मोठ्या भावाचं ऐकते. पत्र मिळताच निघा आणि समोर बसून तिला गोळी घ्यायला लावा.

ता. क. २ : नोकरी सोडायचं नक्की आहे. तूर्त महाराज मला 'माझा उजवा हात' म्हणायला लागलेत, त्यामुळे जरा अडचण आहे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना फोन वाजला. तोच व्हिडिओ, खाली जोडलेले हात, आणि पाठवणारे तुम्ही. मामा, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना?