"बरा आहे, तू कशी आहेस?"

प्रिय डेल्मर,

तीन घरं पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस. फोनच्या पडद्याकडे बघितलं की अजून डोकं ठणकतं, आणि समोरासमोर बसलो तर आपण हॉकीवरच बोलत राहू. म्हणून कागद. बायकोलाच धाडतोय; लव्हॉनला सांगितलंय, पत्र तुझ्याच हातात द्यायचं.

विजेच्या खांबावरचं ते आडवं लाकूड माझ्या हेल्मेटवर कोसळलं तेव्हा तू शेजारीच होतास. मला काही आठवत नाही. तूच सांगितलंस की मी उठून बसलो आणि विचारलं, "माझी कॉफी कुठाय?" सगळे हसले म्हणे. डॉक्टरांनी लिहिलं, मेंदूला सौम्य इजा. आपण उणे दहा अंशांनाही हवा सौम्य म्हणणारी माणसं, मला वाटलं आठवड्यात कामावर. तेव्हाचा बर्फ वितळला, आता पुन्हा पडायला लागलाय. मला भांड्यांचा आवाज सोसत नाही. लव्हॉनवर ओरडतो, मग गराजमध्ये जाऊन रडतो. हे तुला कधी बोललो नव्हतो.

विमा कंपनीची ब्रिआना दर सोमवारी फोन करते. गोड पोरगी. पहिलंच वाक्य, "कसे आहात, ऑरेस्ट?" आणि मी म्हणतो, "बरा आहे, तू कशी आहेस?" आपल्याकडे दुसरं काय म्हणतात रे? माझे वडील शेवटच्या दिवशी नर्सला हेच म्हणाले होते. गेल्या सोमवारी ती म्हणाली, "तुम्ही दर वेळी बरा आहे म्हणता, थट्टामस्करी करता. आमच्या डॉक्टरांच्या मते आता पूर्ण काम जमेल." त्या डॉक्टरने मला पाहिलेलंही नाही. माझ्या डॉक्टरबाई अजून वेळ द्या म्हणत होत्या, ते बाजूला राहिलं. मी नाही म्हटलं तर काम नाकारलं असं धरून विम्याचे पैसे बंद. लव्हॉन म्हणाली, "आग लागो तुझ्या त्या सभ्यपणाला!" खरंच बोलली.

गुरुवारी कंपनीच्या यार्डात सरावाच्या खांबावर चढलो. वरून खाली ओरडलो, "लाइन बंद आहे!" उतरून बघतो तर वीज तपासायची काठी गाडीतच, पिशवीत बांधलेली. मी तपासलंच नव्हतं, डेल्मर. पण तपासल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. अजूनही आठवतं. फोरमनला सांगितलं, तर तो म्हणाला, "इतक्या दिवसांनी चढलास, होतं असं." ब्रिआनाला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "पण सराव पूर्ण केलात ना? छान!"

येत्या सोमवारी मला तुझ्याच जोडीला देताहेत, आणि त्या तारा सरावाच्या नाहीत. माझ्या नकाराला कोणी विचारत नाही. पण जोडीदाराने जिवाला धोका आहे म्हणून नकार दिला, तर त्यांना काम थांबवून चौकशी करावीच लागते. म्हणून हे पत्र. सकाळी सगळ्यांसमोर मी सवयीने विचारीन, "कसा आहेस, डेल्मर?" तू "बरा आहे" म्हणू नकोस. मोठ्याने सांग, ऑरेस्टबरोबर मी चढणार नाही. मी चिडेन, कदाचित शिव्याही देईन, हल्ली माझं असंच होतं. ऐकू नकोस. इतकी वर्षं मी "बंद आहे" म्हटलं की तू डोळे झाकून तारेला हात लावलास. आता लावू नकोस.

तुझाच,
ऑरेस्ट