सात जागांचे नारळ

८ जानेवारी, जाफराबाद
आज नव्या नोकरीवर रुजू झालो. धावड्याहून सकाळची एसटी वेळेवर मिळाली. माझा शाळासोबती वामन स्वतः स्टँडवर आला होता. तो आता समुद्राचा मोठा शास्त्रज्ञ. समुद्र इथून शेकडो मैल लांब, तरी नकाशाचं काम इथूनच करतो. मी विहिरींच्या जागा दाखवणारा पाणाड्या, मला समुद्रातलं काय कळणार, असं विचारलं. तर म्हणाला, भागवता, पाणी ते पाणीच रे. ऑफिसमागची खोली मिळाली आहे. खिडकीतून कपाशी दिसते. खाटेखाली वामनचं जुनं सामान आहे, ते राहू दिलं. देवाची तसबीर डोळ्यांच्या उंचीवर लावली. मन प्रसन्न आहे.

११ जानेवारी
वामनच्या मदतनीस कल्याणीताईंनी काम समजावलं. विषुववृत्ताजवळ समुद्रात पाण्याची ऊब, खारटपणा आणि खोली मोजणारी यंत्रं ठेवायची. वर तरंगता पिंप, खाली चार हजार मीटर दोर, तळाला वजन. त्यावरून आपल्या पावसाचा अंदाज निघतो. तळ सपाट हवा, मासेमारीच्या वाटा टाळायच्या. गणितानं चाळीस जागा उरल्या, यंत्रं मात्र सात. मागच्या खेपेची तीन वाहून गेली, म्हणून वामनला माझा नारळ हवा. कल्याणीताईंनी विचारलं, काका, नारळाला अक्षांश कळतात का? मीही हसलो.

१२ जानेवारी
नकाशा जमिनीवर पसरला. तळहातावर आडवा नारळ धरून प्रत्येक जागेवरून चाललो. सात ठिकाणी तो उभा राहिला. प्रत्येक जागेचा नारळ वेगळा ठेवला. त्यावर कुंकू आणि आकडा. वडिलांचा नियम वामनला दोनदा सांगितला. दाखवलेल्या जागीच नारळ फोडायचा. फुटला तिथं पाणी थांबतं. नाही फुटला तर पाणी नारळाला शोधत येतं. वामननं राजूरच्या गणपतीची शपथ घेतली. म्हणाला, जहाजावर मीच जाऊन राह्यलो, माझ्या हातानं फोडतो.

२० फेब्रुवारी
वामन परतला. सातही यंत्रं बसली. माझ्यासाठी खोबऱ्याचा प्रसाद आणला. डोळ्यांना लावून खाल्ला.

२६ फेब्रुवारी
बोअरचं पाणी मचूळ लागतंय. कल्याणीताई म्हणाल्या, उन्हाळा आला की होतं असं.

१ मार्च
खाटेखालची फरशी ओली होती. पुसली. वाळल्यावर पांढरं मीठ उरलं. वामनचं सामान बाहेर ओढलं. मागं एक पोतं. पोत्यात सात नारळ. माझं कुंकू, माझेच आकडे.
वामन आधी नाही म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, कप्तानासमोर हसं झालं असतं रे. प्रसाद इथल्याच दुकानातला. शपथेचं विचारलं, तर म्हणाला, आता काय आपण लहान हाओत का?
चाळीस वर्षांची दोस्ती. मी ते खोबरं डोळ्यांना लावलं होतं.

२ मार्च
कल्याणीताईंनी संगणकाच्या पडद्यावर यंत्रांचे आकडे दाखवले. आज हसल्या नाहीत. यंत्रं जागेवर आहेत, पण सातही सांगतायत की भोवतीचं पाणी उतरतंय. कुठं जातंय, कळत नाही. असं होत नसतं काका, म्हणाल्या.

३ मार्च
नारळ आडवे ठेवले होते. सातही उभे आहेत.
इथं फोडायचे नाहीत. फोडले तर पाणी इथंच— उद्या पहिल्या एसटीनं निघतो. कुठलाही किनारा चालेल. पण समुद्रातच.

४ मार्च, सकाळ
आंघोळीला गेलो होतो. बाहेर आवाज झाले. सात मोजले.
उंबऱ्यापाशी वामन. हात जोडलेले. म्हणाला, चुकलो दोस्ता, तुझ्या समाधानासाठी सगळे फोडले, आता तरी राग सोड.
दोनदा सांगितला होता नियम. त्यानं तेव्हाही ऐकला नव्हता. मान हलवत होता नुसता—

खिडकीतून कपाशीचं रान दिसत नाही. नुसतं चकाकतंय.
वामन हाक मारतोय. आता मारत नाही—
दार उघडत नाही. आत आलेलं पाणी खारं आहे. खाटेवर उभा आहे.

तसबिरीतल्या देवाच्या पायांशी आलं— वही वर धर