चेहरा तेवढा राहिला

बाळा विनू,

उद्या तुहा मित्र पंकज ब्रश घेऊन येऊन राहिला, म्हणून आज लिहायले बसली. तुह्या अर्धवट चित्रात माहा चेहरा भरतो म्हणते. रायपूर राजधानी झालं, नवा हॉल बांधला, तिथं लावणार आहेत. मी हव म्हटलं नाही अजून. तुले नाही विचारू तर कोणाले विचारू?

इटलीतलं ते जुनं चित्र तू मले पुस्तकात दाखवलं होतं. क्रुसावरून उतरवलेला येशू, मेरीच्या मांडीवर. "मम्मी, यही बनाऊंगा, अपने मोहल्ले ब्राह्मणपारा में!" मेरीच्या जागी मी, सुती साडीतली, आपल्या ओट्यावर. अन् मेलेला पोरगा? तर तू स्वतः! दुसरं कोणी भेटलं नाही काय रे?

माह्या मांडीवर तू हातपाय सोडून पडायचा, पंकज फोटो काढायचा. सगळ्या फोटोत मी एक तर रागावलेली, नाही तर हसून राहिली. म्हणून चेहरा तेवढा राहिला.

तू उठला की मी मीठ-मिरच्या ओवाळून तुही नजर काढत होती. "मम्मी, सिर्फ पेंटिंग है!" हव, पेंटिंग! एकदाही चुकवलं नाही, मग काहून लागली रे नजर?

शंकर नगरच्या चौकात ट्रकनं तुही गाडी उडवली. दवाखान्यातून कपड्यात बांधून आणलं तुले. म्हटलं, घडीभर माह्या मांडीवर द्या. तुहे काका म्हणाले, "वहिनी, उशीर झाला, सोडा आता." बायकांनी मले मागं ओढलं अन् माणसं तुले घेऊन गेली.

त्या मेरीले तरी घेऊ दिलं होतं! तिचा पोरगा मेला, अन् मी तिचा हेवा करून राहिली. काय झालं रे माहं?

जेवण जात नाही. देवापुढं दिवा लावावा वाटत नाही. कोणाशी बोलू?

पंकज म्हणते, "आंटी, गोद में तकिया रख लेना, उसे देखना, चेहरा सही झुकेगा." तकिया, विनू! त्याचा काय दोष, म्हणता म्हणता तोही रडला.

पण चित्र तुहं आहे, अर्धवट कसं ठेवू? उद्या बसीन मी, राजा. वचन देते. तकिया घेऊन बसीन. पायाले मुंग्या आल्या, पंकज उठा म्हणाला, तरी त्याले खाली ठेवणार नाही.

तुही मम्मी