घोट्यावरचा हात

४ नोव्हेंबर
आजही पाय पडला. कुशीवर निजवून खुब्याच्या ऑपरेशनचा पाय वर उचलायला लावते ही फिजिओवाली, मग घोट्याशी हात ठेवून खाली दाबते. मी धरून ठेवायचा. धरवत नाही. "काकू, कमर पीछे मत घुमाओ, ये तो चीटिंग है." मी काय परीक्षेला बसली आहे? नेहा नाव हिचं. कांचघर मोहल्ल्यातली, घरात मराठी, पण तोंड उघडलं की हिंदी.

६ नोव्हेंबर
पुण्याहून अभयचा फोन. पोटचा मुलगा, बोलतो साहेबासारखा. बारा तारखेला येऊन राहिला, पायाची टेस्ट बघायला. "टेस्ट मेरे सामने होगा, आई. ताकद पूर्ण आली तर रहा मदन महलच्या घरी एकटी. नाहीतर चल माझ्यासोबत, घर किरायाने देऊन टाकू." देऊन टाकू म्हणे. घर माझं, पाय माझा, निकाल लावणार हा. डोकं फिरलं. जेवली नाही.

९ नोव्हेंबर
नेहावरच ओरडली. पुण्याला नेलं तर मरून जाईन मी. नंतर रडू आलं, रागानेच.

१२ नोव्हेंबर
झाली टेस्ट. अभय खुर्ची ओढून समोर बसला. मी पाय उचलला. नेहाने हात ठेवला तो गुडघ्याच्या वर. रोज घोट्याशी असतो. तिथे दाबलं की पाय जडशीळ होतो. गुडघ्याच्या वर म्हणजे नुसतं थोपटल्यासारखं. पाय हलला नाही. "बढ़िया, काकू." अभयचा चेहरा एकदम मोकळा झाला. आणि मी गप्प. भाजीवाल्याच्या काट्यावरून गल्ली डोक्यावर घेणारी मी. हलकटपणा आहे हा. कोणाचा, ते नाही लिहीत.

१३ नोव्हेंबर
नेहा आली तशी धरली. काहून केलंस असं?
"आपने ही तो कहा था, मर जाऊँगी."
दया करून राहिली माझ्यावर, कालची पोर. चालती हो म्हटलं. गेली. मग हट्टाने एकटीच जिना उतरायला निघाली मी. दुसऱ्याच पायरीवर कंबर एका बाजूला खचली. कठडा होता म्हणून वाचली. अभय बाहेर होता. त्याला सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर
अभयची गाडी संध्याकाळी. सकाळीच नेहाला फोन करून बोलावलं. आली, तोंड पाडून. अभय बॅग भरत होता. त्याला म्हटलं, ठेव ते, बस इथे. आडवी झाली, पाय उचलला. "घोट्याशी ठेव हात. आणि नीट दाब." ती अभयकडे बघायला लागली. म्हटलं, त्याच्याकडे काय बघून राहिली, पाय इकडे आहे.
दाबलं तिने. पाय थरथरत अर्ध्यापर्यंत खाली आला. गादीला टेकला नाही, पण आला. अभय म्हणाला, "मग परवा काय होतं ते?" नेहा रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, परत दाब.
आता दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलून राहिले. माझ्या पायाबद्दल, मला सोडून. एकदा त्यांना इकडे बोलवावंसं वाटलं, नाही बोलावलं. पेन ठेवते. त्यांचं ठरायच्या आत पाय आणखी एकदा उचलून बघते.