डाव्या कौलाची गाडी

अण्णा, रविवारी सकाळी पूजा आटोपली आणि परसातल्या मांगरात, अडगळीत ताडपत्रीखाली पडून असलेली तुमची मोटारसायकल मी अंगणात ओढून काढली. आई पडवीतून ओरडली, "मेल्या, देवीनं डावा कौल दिलान, ठाऊक आहे ना तुला? बापानं सांगितलान होतं, हात लावायचा नाही!" मी विशीत होतो तेव्हाची ती गोष्ट. आरे-वारेच्या उतारावर दोन्ही ब्रेक दाबूनही तुम्ही करवंदीच्या जाळीत गेलात. दुसऱ्या दिवशी खरचटलेल्या हातांनी, गाडी ठेवू का म्हणून कौल मागत गुरवाकडून देवीला पाकळ्या लावून घेतल्यात, डावी पडली, देवी नको म्हणाली, आणि गाडी मांगरात गेली. तुम्ही गेलात तरी तो नकार घरातच राहिला. आता तुमच्या नातीला, माझ्या मुलीला आरोग्य केंद्रात नोकरी लागलीय. सकाळच्या पाळीला एसटी नाही, आणि तिला आजोबांचीच गाडी हवी.

मागचं चाक खोललं. ड्रम खाऱ्या हवेनं तांबूस झालेला, ब्रेकशू फाकवणारी कळ गंजून घट्ट बसलेली. ड्रमला आतून घासून चाक थांबवतं ते ब्रेकशूचं अस्तर मात्र गंजलं नव्हतं. ते काळं, चिकट झालं होतं आणि नखानं सोलून निघालं. वास घेतला. खवट खोबरेल! पुढच्या चाकातही तेच. मग मला तुम्ही दिसलात. पावसाळा जवळ आलाय, तुम्ही अंगणात वाटी घेऊन बसलाय, कोंबडीच्या पिसानं कोयत्याला, कुलपाला, शिलाई मशीनला तेल लावताय. गाडीची चाकं खोलून आतही लावताय, गंज धरू नये म्हणून. आई म्हणतेय, "अहो, माझ्या केसांना तरी ठेवा!" त्याच आठवड्यात तुम्ही जाळीत गेलात. अण्णा, देवी रागावली नव्हती. तुम्ही ब्रेकला तेल पाजलं होतं.

ड्रम पेट्रोलनं धुतले, पॉलिश पेपरनं घासले. कळ सोडवून तिला नखभर ग्रीस दिलं, अस्तराला बोट लागू दिलं नाही. शू, स्प्रिंगा, केबली नव्या घातल्या, टायर बदलले, इंजिन गॅरेजवाल्याकडून चालू करून घेतलं. आई म्हणाली, "निदान पुन्हा कौल तरी लाव." मी म्हटलं, "आई, ब्रेक लागतो का हे देवीला कशाला विचारायचं? ते पायाला विचारायचं." ती तडक देवघरात जाऊन बसली. मी त्याच उतारावर गाडी नेली, वरून सोडली, मध्यावर थांबवली. पुन्हा नेली. दरवेळी थांबली. तुमच्यासमोर मी कधी उलट बोललो नाही, आज बोलतोय. देवीवर माझी श्रद्धा तुमच्याइतकीच आहे, म्हणून तर आपल्या चुका मी तिच्या पदरात टाकणार नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचवायला टपाल नाही, लिहून तसंच ठेवतोय. आज सकाळी किल्ली नातीच्या हातात दिली. ती वळणाआड जाईपर्यंत मी फाटकाशी देवीचं नाव घेत उभा होतो. विचारलं मात्र काही नाही.