साखरेच्या गाड्या

कळंब, रविवार संध्याकाळ

चूक माझीच. खाल्लेल्या अन्नाचं शरीरात काय काय होतं, त्याचा तो भलामोठा नकाशा अण्णांपुढं पसरायलाच नको होता. त्यांना त्यांचा मधुमेह समजावा म्हणून पसरला. शेजारी पेढ्यांचा डबा, तोही मीच आणलेला.

अण्णा, माझे वडील, जन्मभर एसटीत कंडक्टर. चष्मा लावून बाण बघितले आणि म्हणाले, "हे तर आपल्या गाड्यांचे रूट हायेत की!"

मी खूश. एखादा रस्ता बंद पडला की आजार कसा होतो, ते सांगून टाकलं. तिथंच फसले.

"एवढे रस्ते असताना एक बंद पडला तर काय झालं? गाडी दुसरीकडून वळवायची," म्हणत त्यांनी पेढा उचलला.

चार वर्षं ह्यावरच संशोधन करतेय, तरी मान डोलावून बसले. कारण साखर वळते, खरंच वळते! तोवर दुसरा पेढा गेला.

मग आई हात पुसत बाहेर आली. नकाशाकडं बघितलंसुद्धा नाही. अण्णांच्या पोटावर बोट ठेवून म्हणाली, "तुमच्या वळवलेल्या समद्या गाड्या हितं मुक्कामी हायेत."

अण्णांनी उचललेला तिसरा पेढा परत डब्यात ठेवला.

माझ्या अख्ख्या प्रबंधात वळलेल्या साखरेच्या चरबीला 'मुक्कामी'इतका नेमका शब्द नाही.